चौथी बाटली

खरूज आमच्या घरी आली ती पाहुण्यासारखी, आणि दोन महिने झाले तरी जायचं नाव घेईना. पहिल्यांदा तिनं गाठलं माझ्या लेकीला, छकुलीला, मग मला. मी पाळणाघरात काम करते. दिवसभर कोणी ना कोणी कडेवर असतंच, त्यामुळे तिथल्या मोठ्या बाईंनी मला दारातूनच परत पाठवलं. "सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल," म्हणाल्या. खरं सांगते, पगारापेक्षा त्या चिमुरड्यांची आठवण जास्त छळत होती.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत." पण आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात. बिघडलेला भाग तेवढा बदलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही, हा धंद्यातला नियम त्यांनी आमच्या कातडीलाही लावला. आणल्या दोनच बाटल्या, एक माझी, एक छकुलीची. पंधरा दिवसांनी ह्यांच्याच बोटांना खाज सुटली, तेव्हा तीन आल्या. दोनदा डॉक्टरांची फी, चादरी उकळायला गॅस, माझी बिनपगारी रजा, सगळं झालं. वाचली ती फक्त चौथी बाटली, सासऱ्यांची.

आणि सासरे म्हणजे निवृत्त हेडसर. "मला काही झालेलं नाही," एवढं एकच वाक्य ते अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे आणि दोन्ही हात वर्तमानपत्राखाली सरकवायचे. छकुली रोज त्यांच्याच कुशीत गोष्ट ऐकत झोपायची. राक्षस मरेपर्यंत आजोबा नि नात दोघंही खाजवून खाजवून बेजार!

शनिवारी संध्याकाळी मी चार बाटल्या टेबलावर मांडल्या. छकुलीला लावून झालं. हे आपली बाटली हातात घेऊन बसले. हेडसर पेपर उघडून बसले.

"बाबा, तुम्हीही लावा."

"मला काही..."

"तुमच्या हट्टापायी माझी नोकरी चाललीय!" मी ओरडलेच. आजवर त्यांच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता.

हेडसर उठून खोलीत गेले. आता जेवणावर रुसणार, असं मी धरूनच चालले. ते परत आले ते दोन रिकाम्या बाटल्या घेऊन. आमच्याच औषधाच्या होत्या.

"पेन्शनमधून आणल्या. दोन्ही वेळा लावलं," ते म्हणाले, आणि आवाज चक्क शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा. "पाठीला हात पोचत नाही माझा."

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सांगायचं ना, बाबा!"

"सुनेला काय सांगणार, पाठ चोळून दे म्हणून?"

"मग मुलाला?"

आम्ही दोघांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बाटलीवरची बारीक अक्षरं इतकी मन लावून वाचत होते, जणू उद्या परीक्षाच आहे. शेवटी खाकरले.

"शर्ट काढा, बाबा."

हेडसर खुर्चीवर उलटे बसले, भिंतीकडे तोंड करून. ह्यांनी खांद्यापासून सुरुवात केली. आधी चाचरत, मग तळहात टेकवून.

"डावीकडे राहिलं," हेडसर.

"तिकडेच येतोय. धीर धरा."

"कंजुषी करू नकोस."

ह्यांनी कंजुषी केली नाही. चौथी बाटली पाठीवरच संपली. हातापायांचं काय, असं मी विचारणार होते, तेवढ्यात हे कुणी न सांगता चपला घालून पाचवी आणायला मेडिकलमध्ये गेले.

तेव्हा माझी खात्री पटली, सोमवारी मी कामावर जाणार.