अकरा फरश्या

त्या खोलीत पलंगापासून दारापर्यंत अकरा फरश्या होत्या. करड्या, चौकोनी, आणि सातवीचा एक कोपरा उडालेला. ते घर पाडून आता तिथे गाड्या लावायची जागा केली आहे. पण डोळे मिटले की मी अजून त्या फरश्या पायाने मोजू शकते.

आम्ही दोघी जावा तेव्हा एकाच घरात होतो. मी थोरली. धाकटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, दिवसभर कानाला यंत्र लावून परक्या माणसांचे फोन एकमेकांना जोडून द्यायची. मी घरी बसून एका शिंप्याची काज-बटणं करायची. सकाळी तो गठ्ठा टाकून जायचा, शर्ट, कोट, शाळेचे गणवेश, आणि संध्याकाळी घेऊन जायचा. मला मूल झालं नाही. त्याची कारणं डॉक्टरांनी सांगितली होती, ती इथे सांगण्यात काही हशील नाही.

धाकटीला मुलगी झाली, रजा संपली, आणि तीन महिन्यांची ती पोर दिवसभरासाठी माझ्या हवाली झाली. माझा एक तपकिरी स्वेटर होता. झोप आली की ती त्याची वरून तिसरी गुंडी मुठीत धरायची आणि फिरवत राहायची. मूठ सैल पडली की समजायचं, झोपली. त्यावरून तिचं नावच गुंडी पडलं. खरं नाव जन्मदाखल्यावर राहिलं. भर उन्हाळ्यातही दुपारी मी तो स्वेटर चढवायची. आमचे हे म्हणायचे, "रस्त्यावर डांबर वितळतंय आणि हिचा हिवाळा काही सरत नाही."

गुंडी दहा महिन्यांची झाली तेव्हा दिरांची बदली झाली. ते पुलांचे नकाशे काढायचे, आणि नवा पूल दोन दिवसांच्या प्रवासावर होता. धाकटीनेही खटपट करून तिथल्या एक्स्चेंजमध्ये बदली मिळवली. सगळं जमलं, एक सोडून. तिथल्या पाळणाघराच्या बाईंनी कळवलं होतं की त्यांच्याकडे आठ मुलं आणि त्या एकट्या. आपलं आपण झोपणारं मूल असेल तरच घेऊ, खांद्यावर घेऊन फिरायला आम्हाला हात नाहीत. म्हणजे गुंडी झोपायला शिकली तर धाकटीची नोकरी राहणार होती, नाहीतर जाणार होती. हातात पाच आठवडे होते.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी युक्ती सांगितली. मूल जागं असतानाच पलंगात ठेवायचं. शेजारी खुर्ची टाकून बसायचं. रडलं तर आवाज द्यायचा, उचलायचं मात्र नाही. दर तीन दिवसांनी खुर्ची एक फरशी मागे न्यायची, दारापर्यंत. मग दाराबाहेर. "आणि तो स्वेटर कपाटात टाका," त्या मला म्हणाल्या. दुपारची झोप माझ्याकडे, रात्रीची धाकटीकडे अशी वाटणी झाली. धाकटीने कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा केल्या.

स्वेटर ठेवण्याआधी मी त्याची ती गुंडी पक्की केली. फिरवून फिरवून पार लोंबायला आली होती. धाकटी बघत बसली होती. तिला सुईत दोरा ओवणं जमायचं नाही, तिच्या ब्लाउजांची बटणंसुद्धा मीच लावायची. ती हसून म्हणाली की आता ही गुंडी तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. मग तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती चहा करायला उठून गेली.

पहिल्या दुपारी गुंडी चाळीस मिनिटं रडली. पलंगाच्या कठड्याला धरून उभी राहायची आणि हात पुढे करायची. मी आवाज देत होते आणि हातात काज घेऊन बसले होते. त्या दिवशीचे चार शर्ट शिंप्याने परत आणले. "बाई, हे काज आहे की उंदराने कुरतडलंय?" म्हणाला.

दुसऱ्या फरशीवर अर्धा तास. तिसऱ्या फरशीवर वीस मिनिटं. धाकटी कामावरून आली की चपला काढायच्या आधी विचारायची, "ताई, आज किती?" मी मिनिटं सांगायची, ती रात्रीची सांगायची, आणि आम्ही दोघी परीक्षेचे मार्क मिळाल्यासारख्या खूश व्हायचो. आमचे हे म्हणाले की खुर्ची अशीच सरकत राहिली तर महिनाअखेरीला मी रस्त्यात बसलेली दिसेन.

सतराव्या दिवशी खुर्ची सहाव्या फरशीवर होती. गुंडीला पलंगात ठेवलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे कूस बदलली, चादरीचं टोक बोटांत धरलं, आणि पाच मिनिटांत झोपली. अजिबात न रडता.

मी सुईत दोरा ओवायला घेतला होता. तो ओवलाच जाईना. खोलीत चांगला उजेड होता.

संध्याकाळी धाकटीला सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "आणि बघायला मी नव्हते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गुंडीला पलंगात ठेवलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. ती तिची तिची चादरीशी खेळत होती. रडत नव्हती. हे सांगायलाच हवं, म्हणून सांगते. ती रडत नव्हती. मी उठले, कपाट उघडलं, स्वेटर घातला आणि तिला उचलून घेतलं. क्षणभर ती गोंधळली. मग तिचा हात बरोबर तिसऱ्या गुंडीवर गेला.

एकदाच, असं मी मनाशी म्हटलं होतं. जातच आहे, तर एक दुपार.

त्यानंतरच्या सगळ्या दुपारी तशाच गेल्या. तिला घेऊन मी खिडकीशी बसायची. ती झोपल्यावरही खाली ठेवायची नाही. धाकटी यायच्या वेळेला स्वेटर कपाटात जायचा आणि खुर्ची कॅलेंडरप्रमाणे ज्या फरशीवर असायला हवी त्या फरशीवर मी नेऊन ठेवायची. सातवी. आठवी. कुणी बसलेलं नसायचं त्या खुर्चीवर.

रात्री मात्र सगळं उलटं फिरलं. जी पोर रात्री सहाव्या फरशीपर्यंत आली होती, ती पुन्हा कठड्याला धरून किंचाळायला लागली. धाकटीला खुर्ची पाचवीवर आणावी लागली, मग चौथीवर. सकाळी ती लाल डोळ्यांनी कामाला जायची. नर्सबाईंनी निक्षून सांगितलं होतं म्हणून तिने एकदाही उचललं नाही. मला शेजारच्या खोलीत सगळं ऐकू यायचं, आणि मी कुशीवर पडून राहायची.

एक दिवस आमचे हे दाढ दुखते म्हणून दुपारीच घरी आले. दारात उभे राहिले. मला, स्वेटरला, गुंडीला आणि लांब ठेवलेल्या त्या रिकाम्या खुर्चीला बघून परत फिरले. रात्री जेवताना मान खाली घालून म्हणाले, "त्या पोरीला खरं काय ते सांग." पोरगी म्हणजे धाकटी. मी म्हटलं, काय खरं? ते हात धुवायला उठले. त्यानंतर त्यांनी खुर्चीवरून थट्टा केली नाही.

जायला आठवडा राहिला असेल. सकाळी धाकटी वेणी घालत होती. आरशातूनच मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे नवव्या फरशीवर झोपते. माझ्याकडे चौथीवर पण नाही. दिवसभर परक्या लोकांशी बोलून माझा आवाजच तसा झालाय का हो? तिला तो आईचा वाटत नसेल."

मला तेव्हा बोलता आलं असतं. ती आरशात होती, तोंडावर सांगायचीही गरज नव्हती.

"होईल गं हळूहळू," मी म्हटलं.

निघायच्या दिवशी सामान आधी गेलं. दारात गाडी उभी होती. गुंडी धाकटीच्या कडेवरून माझ्याकडे झेपावत होती आणि धाकटी तिला आवरत होती. गाडी वळेपर्यंत तो आवाज येत होता. मी घरात येऊन खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. त्या दुपारी शिंप्याचा गठ्ठा तसाच पडून राहिला.

अठरा दिवसांनी पत्र आलं. पाळणाघराने चौथ्या दिवशी गुंडीला परत पाठवलं होतं. ती तिथे झोपत नव्हती आणि इतर मुलांनाही झोपू देत नव्हती. धाकटीची उरलेली रजा संपत आली होती. महिनाअखेरपर्यंत झालं तर झालं, नाहीतर राजीनामा. शेवटी लिहिलं होतं, "ताई, तुम्ही अकराव्या फरशीपर्यंत कसं नेलंत ते नीट सविस्तर लिहा. माझंच काहीतरी चुकतंय."

मी तीनदा उत्तर लिहायला बसले. पहिल्यात सगळं खरं लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यात धीर धर, आवाज देत जा, असलं काहीबाही लिहिलं. ते वाचून मलाच शरम वाटली. तिसरं लिहिलंच नाही. कपाटातून स्वेटर काढला, घडी घातली आणि पार्सल केलं. आत चिठ्ठी नव्हती. मनात एवढंच होतं की लेकरू झोपेल, नोकरी वाचेल. पण घडी घालताना तिसरी गुंडी माझ्या हाताला लागली होती. दोन धाग्यांवर लोंबत होती. मी धाकटीच्या डोळ्यांदेखत पक्की केलेली, आणि त्यानंतर स्वेटर कपाटातच असायला हवा होता. मी काज-बटणं करणारी बाई, दोन मिनिटांत शिवता आली असती. नाही शिवली. तशीच पाठवली.

तीन आठवड्यांनी पार्सल परत आलं. स्वेटर धुऊन, इस्त्री करून पाठवला होता. मी नाकाला लावून पाहिला, साबणाचा वास होता, बाकी कुणाचाच नव्हता. तिसरी गुंडी जागेवर होती. तपकिरी लोकरीवर काळ्या दोऱ्याने शिवलेली, वरून एवढाली गाठ, जिला सुईत दोरा ओवता येत नव्हता तिने. सोबत चिठ्ठी होती. "पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आहे. इथली खोली लहान आहे, आठच फरश्या आहेत. स्वेटर थंडीत तुम्हाला लागेल."

नोकरी गेली होती. ते मला पुढे दिरांच्या पत्रातून कळलं. एक्स्चेंजमध्ये ती पुन्हा कधी बसली नाही.

त्यानंतर आम्ही लग्नकार्यात भेटलो, आजारपणात भेटलो, आमचे हे गेले तेव्हा ती येऊन पंधरा दिवस राहिली. प्रत्येक वेळी मी ठरवायची की आज बोलायचं. ती विचारायची, ताई, जेवलात का, औषध घेतलंत का. माझ्या तोंडून खुर्ची हा शब्दसुद्धा निघायचा नाही. शेवटचं आजारपण तिचं होतं. मी पोहोचले तेव्हा बोलणं बंद झालं होतं. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ अंगठा माझ्या मनगटावर फिरवत राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते मी माझ्या मनाने ठरवू शकत नाही. तसं ठरवायचा हक्क मला नाही.

गेल्या महिन्यात गुंडी आली होती, नऊ महिन्यांची मुलगी घेऊन. दुपारी तिने लेकीला माझ्या पलंगावर निजवलं, कडेने उशा लावल्या, "झोपा आता, बाईसाहेब," म्हणाली आणि सरळ बाहेर आली. आतून रडणं सुरू झालं. मी उठले.

"बस गं मोठ्या आई. पाच मिनिटं दे तिला."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"आईने. आणि आईला तू." ती भिंतीला टेकून आरामात बसली होती. "किती वेळा सांगायची ती. तुला मोठ्या आईने झोपायला शिकवलं, अकरा फरश्या होत्या, आणि सहाव्या फरशीवर तू पहिल्यांदा न रडता झोपलीस. ते बघायला मी नव्हते, पण बरं झालं, ताई होत्या, असं म्हणायची."

"आणि पुढे?"

"पुढे काय? तिथेच संपायची गोष्ट."

पस्तीस वर्षं तिने ती गोष्ट सहाव्या फरशीवर थांबवली होती. तिथपर्यंत मी खरी होते.

मी म्हटलं, "गुंडे, पुढे पाच फरश्या होत्या. तू रडत नव्हतीस. मी तुला..."

आतलं रडणं थांबलं होतं. गुंडीने झटकन मान वळवली, कान दिला आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मग अनवाणी उठून दारापाशी गेली, फटीतून पाहिलं आणि हसली. अगदी धाकटीसारखी. दार तिने हळूच लोटलं.

मी गप्प बसले. पोर झोपली होती.