शेजारची सीट

गाडी दुरुस्त करायची की दुसरी घ्यायची, हे ठरवण्यात मी दोन महिने घालवले. त्या दोन महिन्यांत मी एक खोटं बोललो. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जरा सोपं जाईल. मी मुलीला म्हणालो, "तुझ्या आईने जाताना सांगितलंय, गाडी विकू नका."

तिच्या आईने असं काहीही सांगितलं नव्हतं.

आमचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर आम्ही राहतो. फोम कापायचं काम माझं. कव्हरं शिवायची, काठ बांधायचे, चेन लावायची, हे बायकोचं. तयार गादी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला मात्र दोघं लागायचे. पिकअप मी चालवायचो, ती शेजारी बसायची. जिना आला की मी पुढे, ती मागे. चढताना सगळं वजन मागच्यावर येतं, हे गादी उचलणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण वळणावर वाट दाखवायला पुढे माहीतगार माणूस हवा, असं मी म्हणायचो, आणि तो माहीतगार माणूस नेहमी मीच असायचो.

पिकअप आम्ही घेतली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आता ती सव्वीस वर्षांची आहे. म्हणजे गाडीचं वय तुम्ही काढा. गेल्या वर्षापासून चढावर गिअरमधून कण्हल्यासारखा आवाज यायचा. हौद्याचा पत्रा कोपऱ्यांत इतका कुजला होता की गादी ठेवायच्या आधी आम्ही खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचो. पण ओढत होती. मग बायको आजारी पडली, सहा आठवड्यांत गेली, आणि गाडीकडे बघायला कुणाला सुचलं नाही.

मुलगी दोन तासांच्या अंतरावर राहते, शाळेत शिकवते. तिने आणि जावयाने माझ्यासाठी एक गाडी बघून ठेवली होती. चार वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, स्वच्छ. "बाबा, तो खटारा आता सोडा," ती फोनवर म्हणाली. "कुठेतरी मध्येच बंद पडेल आणि तुम्ही एकटे."

मी म्हणालो, दुरुस्त करून घेतो. ती म्हणाली, किती वेळा? मी म्हणालो, लागेल तितक्या वेळा. ती म्हणाली, बाबा, हा हट्ट आहे. तेव्हा माझ्या तोंडून ते आईचं निघालं.

मग ती म्हणाली, "बरं. मग राहू दे. त्या माणसाला मी नाही म्हणून कळवते." आणि पुढे, "पण मग एक करू. दर शनिवारी मी येत जाईन. गादीचं दुसरं टोक कुणीतरी धरायला हवंच ना. आईच्या जागेवर मी बसते."

मी फोन ठेवला. खरं सांगतो, मला छान वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

गाडी का ठेवायची होती, तेही सांगतो. घरात आम्हा नवरा-बायकोची कुरबुर चालायची. चहा थंड झाला, कात्री जागेवर नाही, तू हे का सांगितलं नाहीस, असलं काहीतरी. पण गाडीत बसली की ती गप्प असायची. समोर बघत, एक हात डॅशबोर्डवर ठेवून. मी गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचो, गाणी म्हणायचो, ती हूं हूं करायची. मला वाटायचं, गाडीत ती खूष असते. ती गेल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत सुटलो होतो, तिचा या गाडीवर फार जीव होता. लोक मान हलवायचे. सांगता सांगता माझाही त्यावर विश्वास बसला.

तर मी गाडी मेकॅनिककडे नेली. तो आमचा जुना माणूस आहे, बायकोला वहिनी म्हणायचा. त्याने गाडी वर उचलली, खाली गेला, टॉर्च मारून बघितलं, ठिकठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघितला. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत गंजाचा भुगा होता.

"दादा," तो म्हणाला, "हा सगळा गंज आहे. मधे मधे थोडी गाडी राहिलीय."

"दुरुस्त होईल का ते सांग."

"होईल की. मेलेलं माणूस सोडलं तर सगळं दुरुस्त होतं." आणि लगेच त्याने जीभ चावली. "चुकलो दादा. तोंडाला लगाम नाही माझ्या."

"असू दे. आवाजाचं काय?"

"तो उभ्या गाडीत कळायचा नाही. चढावर बघावा लागेल. मी चालवतो, तुम्ही बसा."

मी सवयीने माझ्या दाराकडे गेलो. तो हसला. "तिकडून दादा, तिकडून. आज तुम्ही पाहुणे."

मी वळसा घालून शेजारच्या दाराशी गेलो. हँडल ओढलं, दार उघडेना. जोरात ओढलं, तरी नाही. तेव्हा आठवलं. बायको हँडल वर उचलून दाराला कंबरेने एक धक्का द्यायची. मी आतून बघत बसायचो आणि म्हणायचो, "झाला का नाच?" मी तसा धक्का दिला. तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं.

एकवीस वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. कारणच पडलं नव्हतं. गाडी माझी, चालवणार मी.

बसलो तसा एक स्प्रिंग मांडीत घुसला. सरकलो, तर दुसरा. कुठे बसलं की टोचत नाही ते शोधायला मला गल्ली संपेपर्यंत वेळ लागला. दाराकडे सरकून, एका कुशीवर, जरा तिरकं बसायचं. बरोबर त्या जागी सीटवर काहीतरी घडी करून टाके घालून बसवलेलं होतं, जुनं लोकरीचं. बायकोचे टाके मी कुठेही ओळखेन.

"दार धरा हं," मेकॅनिक म्हणाला. "वळणावर उघडतं."

"कधीपासून?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "दादा, मला काय विचारता? गाडी तुमची."

दाराला आतून एक सुतळी बांधलेली होती. तिचं टोक सीटच्या कडेला अडकवायचं. सुतळीवर हाताच्या मळाने काळी तुकतुकी आली होती. ही सुतळी मी रोज बघत होतो. मला वाटायचं, काहीतरी बांधून ठेवलंय तिने, बायकांचं काहीतरी.

चढ लागला तसा गिअरचा आवाज सुरू झाला आणि माझ्या पायाला चटका बसायला लागला. धुराचा वास आला. पायाखालचं रबर उचललं, तर खाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण होतं, पत्र्याच्या भोकावर ठेवलेलं. झाकण पायाने हललं आणि खालचा रस्ता पळताना दिसला.

वाटेत कुणीतरी आडवं आलं, मेकॅनिकने करकचून ब्रेक दाबला. मी पुढे गेलो, हात आपोआप डॅशबोर्डवर टेकला. तिथला रंग उडालेला होता. माझ्या तळव्यापेक्षा लहान अशी एक जागा, घासून पांढरी झालेली. तिचा हात तिथे का असायचा ते मला तेव्हा कळलं. मी असाच ब्रेक मारतो. पट्टा माझ्या बाजूचा नवीन आहे, तिच्या बाजूचा कधीच तुटलेला.

ती गप्प का असायची, तेही कळलं. मला त्या चढावर एक शब्द बोलता येत नव्हता.

"ऐकलात आवाज?" मेकॅनिकने विचारलं. "बेअरिंग गेलंय. तेवढंच नाही, आतले दातेपण खाल्लेत."

"हा खालचा पत्रा," मी म्हणालो, "हा कधी गेला?"

"सायलेन्सर बदलला तेव्हाच सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, माझ्या बाजूचा कर आधी, पाय टेकवायला लागतो, दुसरा नंतर बघू."

मी तसं म्हणालो असणार. मला आठवत नव्हतं. आणि न आठवणं हेच मला जास्त लागलं.

पण एक मला चांगलं आठवत होतं, आणि ते मी मेकॅनिकला सांगितलं नाही. पाच वर्षांपूर्वी माझी कंबर धरली होती. तेव्हा मी दुकानातला उत्तम फोम काढला, महागातल्या गाद्यांना लावतो तो, आणि माझी सीट नवी केली. गादीवाल्याची सीट कशी असावी तशी. कव्हर तिने शिवलं, दुहेरी टाक्यांचं. शिवताना ती म्हणाली होती, "माझीपण करून टाकायची का? तुकडे उरलेत." मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू. तू हलकी आहेस, तुला काय टोचणार?"

ते तुकडे वर्षभर कामाच्या खोलीत पडून होते. मग मी कुणालातरी कुत्र्याच्या अंथरुणासाठी देऊन टाकले.

गॅरेजमध्ये परत आल्यावर मेकॅनिक म्हणाला, "करायची असेल तर करतो. पण पुढच्या वर्षी परत इथेच भेटू. काय करू?"

मी म्हणालो, शनिवारनंतर सांगतो.

शनिवारी मुलगी सकाळीच आली. आईची कामाची ओढणी तिने कंबरेला बांधली होती. दोन गाद्या पोचवायच्या होत्या. तिने स्वतःच हौद्यात प्लॅस्टिक अंथरलं, आम्ही गाद्या चढवल्या. मग ती त्या दाराशी गेली, हँडल वर उचललं, कंबरेने धक्का दिला. पहिल्याच धक्क्याला दार उघडलं.

"बसू नकोस," मी म्हणालो.

"का? काय झालं?"

मी रस्त्यावर उभा होतो. समोरच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. आत जाऊन, पाणी पिऊन, नीट बसून सांगायचं असं मी रात्री ठरवलं होतं. पण ती एक पाय वर ठेवून उभी होती.

"तुझी आई असं काही म्हणाली नव्हती," मी म्हणालो. "गाडीचं. मी खोटं बोललो."

तिने पाय खाली घेतला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"बाबा, आई शेवटचे चार दिवस बोलतच नव्हती. दवाखान्यात तुम्ही बाहेर बाकावर असायचात, आत मी होते." आवाज चढला नव्हता तिचा. वर्गातल्या पोराला समजावतात तसा होता. "मला वाटलं, तुम्हाला तेवढं हवंय. म्हणून म्हटलं, राहू दे."

मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि ही सीट," मी म्हणालो. "मी परवा बसलो हिच्यावर. पहिल्यांदा. मला माहीत नव्हतं ग."

तिने आत वाकून त्या लोकरीच्या घडीवर हात ठेवला. "हा माझा शाळेचा स्वेटर आहे," ती म्हणाली. "ओळखला नाहीत? मी आईच्या मांडीवर बसून शाळेत जायचे. तेव्हा एकच स्प्रिंग वर आला होता. आई म्हणायची, तू हलू नकोस, मला जागा सापडलीय." मग म्हणाली, "तुम्हाला सांगायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं हो. सांगायची ती. दोनतीनदा तर माझ्यासमोर."

"मग मी काय म्हणायचो?"

"हसायचात."

आम्ही त्या दिवशी गाद्या पोचवल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, दुसरी सोय नव्हती. मी म्हणालो, तू चालव. ती म्हणाली, मला ही गाडी जमायची नाही. मग ती त्या सीटवर बसली, सुतळी अडकवली, आणि मी गाडी चालवली. आयुष्यात इतकी सावकाश चालवली नव्हती. मागचे हॉर्न देत होते. ब्रेक दाबायच्या आधी प्रत्येक वेळी मी सांगत होतो, आता दाबतो हं. चौथ्यांदा ती म्हणाली, "बाबा, पुरे." जिन्यावर मी मागे राहिलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत माझा जीव गेला. ती वरून म्हणाली, थांबायचं का? मी म्हणालो, नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी भंगारात दिली. जावयाने बघून ठेवलेली तोवर गेली होती. दुसरी शोधतोय. भंगारवाल्याकडे मुलगी माझ्याबरोबर आली. जायच्या आधी मी दाभण घेऊन बसलो आणि स्वेटरचे टाके उसवले. घट्ट होते, वेळ लागला. स्वेटर मी मुलीला दिला, तिने तो पिशवीत ठेवला.

भंगारवाला गाडीभोवती एक फेरी मारून आला. आधी माझ्या बाजूचं दार उघडलं, सीट दाबून बघितली, उलटून शिवण बघितली. "ही मस्त आहे," तो म्हणाला. "ही काढून ठेवतो, विकली जाईल. काय काम आहे, वा!" मग पलीकडे गेला. हँडलशी झटला, दार उघडेना, तेव्हा काचेतूनच आत बघितलं.

"काका, एकटेच फिरायचात वाटतं?"

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती पिशवीचा बंद नीट करत राहिली.

"नाही," मी म्हणालो. "बायको असायची बरोबर. रोज. एकवीस वर्षं."

त्याने परत एकदा आत बघितलं, मग माझ्याकडे. सही कुठे करायची ते दाखवलं.