गिरजाबाईचा जपलेला मोजा

हो, मीच बोलतोय, इथून, खुंटीवरून. मी गिरजाबाईच्या पायासाठी आलेला मोजा. आता पोटात दोडक्याचं बी आहे, म्हणून हसू नका.

वाशीमकडच्या मालेगावजवळ तिचा भाजीचा मळा. दिवसभर उभं राहायचं काम, त्यामुळे डाव्या पायाच्या शिरा गांडुळांसारख्या फुगलेल्या. वाशीमच्या डॉक्टरांनी पायाचं माप घेऊन मला दिलं आणि बजावलं, "मावशी, हा घट्ट मोजा फुगलेल्या शिरा दाबून धरतो. सकाळी पाय खाली टेकवायच्या आधी घालायचा, रात्री काढायचा. रोज!"

मी हरखून गेलो. पण घरी येताच बाई म्हणाली, "इतका चांगला मोजा वावरात कायले घालू? चिखलानं खराब होइन." झालं! शालूशेजारी, पत्र्याच्या पेटीत माझी रवानगी. कुणाचं लग्न असलं तरच बाहेर.

तिच्या फाटक्या चपलेवर मी काय जळायचो म्हणून सांगू! ती रोज मळ्यात जायची, संध्याकाळी चिखलानं माखून दारात ऐटीत पडायची. मी मात्र दोन उन्हाळे डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पेटीत उकडत होतो.

यंदा पाय घोट्याशी काळा पडला, जखम झाली. सून ज्योत्स्नानं तिला वाशीमला नेलं, मलाही पिशवीत घातलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "आता शीर बंद करावी लागेल. टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. फोमचं इंजेक्शन असतं, पण तुमची शीर जाड, पुन्हा उघडू शकते. लेसरनं आतून उष्णता देऊन बंद करता येते, नंतर थोडे दिवस मोजा घालायचा. नाहीतर ग्लू, म्हणजे शीर आतून चिकटवायची. त्याला बहुतेक मोजा लागत नाही."

"डिंक? पायात?" बाई दचकली.

मोजा लागत नाही! त्या ग्लूचा मला असा राग आला! कालचा आलेला आणि माझ्या पोटावर पाय देतो.

"तुमच्या पायाला लेसर चालेल, ग्लूही चालेल. तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले.

"मंग लेसरच करा जी. मोजा तं हाय न घरचा, नवाकोरा!"

माझ्यासाठी! तिनं माझ्यासाठी लेसर निवडला! त्या लेसरच्या पाया पडावंसं वाटलं.

लेसर नीट झाला. डॉक्टरांनी मला हातात घेऊन ताणलं. मी पुन्हा आखडलोच नाही. "याचं इलॅस्टिक गेलंय. रोज घालत होता ना?"

"नाही जी. जपून ठेवला."

"अहो, घातला असता तर बहुतेक जखमेपर्यंत गेलंच नसतं."

बाईनं मला डॉक्टरांच्या हातातून घेऊन पुन्हा पिशवीत ठेवलं. ज्योत्स्ना खालच्या औषधाच्या दुकानातून दुसरा मोजा घेऊन आली.

जखम भरली, पण डॉक्टरांनी मोजा सुरूच ठेवायला सांगितला. आता बाई उठल्याबरोबर त्या नव्याला पायात चढवते, मळ्यात नेते, संध्याकाळी धुऊन तारेवर टाकते. चिखलाचे डाग मिरवत तो माझ्यासमोर वाळत असतो. जळफळाट होतो नुसता!

मला फेकणं तिच्या जिवावर आलं, म्हणून दोडक्याचं बी भरून खुंटीला टांगलं. काल बाईनं मला चाचपून पाहिलं, म्हणाली, "बी चांगलं राह्यलं यात." बाई, मला एकदा, एकदाच मळ्यात ने गं! पावसाळ्यात तू हे बी काढशील आणि चिखलात टोचशील. मी इथंच राहीन, खुंटीवर, नवाकोरा.