पंचवीस घाव

"तारीखबाई, ती शिलाईवाली आजही आली नाही. चौथा दिवस. पंचवीसातले चौदा झाले होते तिचे. लिहून टाका," मशीनवरचा तंत्रज्ञ खिडकीतून म्हणाला आणि गेलासुद्धा.

काय लिहायचं ते मला कोणी सांगावं लागत नाही. रजिस्टर ओढलं, नाव शोधलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सुरुवात केली: 'स्वतःहून उपचार बं...' तेवढ्यात पानावर एक हात पडला. आमच्या नव्या विभागप्रमुख मॅडमचा.

"स्वतःहून कशावरून?"

"म्हणजे?"

"तुम्ही विचारलंत तिला?"

आता मला राग येणार नाही तर काय! बावीस वर्षं मी या कॅन्सरच्या दवाखान्यात, शेक विभागाच्या, म्हणजे किरणोपचाराच्या, खिडकीत बसून तारखा देते आहे. लोक मला नावानं ओळखत नाहीत, तारीखबाई म्हणतात. आणि ही माझ्या मुलीच्या वयाची पोरगी मला माझं काम शिकवणार!

"मॅडम, आली नाही म्हणजे स्वतःहूनच की. आपण काय दार लावून घेतलंय?"

त्या चिडल्या नाहीत. स्टूल ओढून खिडकीच्या आत माझ्या शेजारी बसल्या. चार महिन्यांत त्यांनी माझी जुनी रजिस्टरं घरी नेऊन वाचली होती. शहरातल्या दहांपैकी नऊ जण उपचार पुरे करतात आणि खेड्यापाड्यातले जेमतेम पाच, हे त्यांनी माझ्याच अक्षरातून काढलं होतं. मोठ्या बैठकीत साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, हात झटकले होते. "अडाणी लोक आहेत. आपण काय करणार?" त्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, "सहा महिने द्या मला."

"या बाईची गाठ वितळायला लागली होती," त्या हळूच म्हणाल्या. "सोमवारपर्यंत आली तर सांभाळून घेता येईल. त्यापुढं गेलं की चौदाचे चौदा पाण्यात. तुम्ही फोन लावा. माझं ऐकणार नाही ती. रोज तुमच्याशी बोलते."

लावला. तिकडून शिलाई मशीनची खडखड ऐकू आली, मग थांबली.

"तारीखबाई? अगंबाई, तुम्ही! सांगणारच होते तुम्हाला. मला एकदम बरं वाटतंय. अंगावरून जायचं पूर्ण थांबलं, कंबरही दुखत नाही."

"अहो, मग येत का नाही?"

"बरं वाटलं ना! मग कशाला शेक? कंबर दुखायची राहिली की आपण गरम पाण्याची पिशवी बाजूला ठेवतोच की. उगाच जास्त शेकलं तर भाजायचं."

शेक. बाहेर पाटीवर शेक विभाग. माझ्या तोंडात शेक. 'मावशी, तुमचे पंचवीस शेक आहेत बरं का', हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. किरणांचं अवघड नाव कशाला घ्यायचं, सोपं सांगावं, या चांगल्या हेतूनंच म्हटलं. शहरातली माणसं चार ठिकाणी विचारून येतात, त्यांना खरं काय ते कळतं. बाकीच्यांना माझाच शब्द. आणि शेक कधी थांबवायचा हे कोणत्याही घरातल्या बाईला सांगावं लागतं का? दुखायचं थांबलं की थांबवायचा! त्या बिचाऱ्या शहाण्यासारखंच वागत होत्या. अडाणी मी होते.

मॅडमना सांगताना मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "शनिवारी सुट्टी आहे ना तुम्हाला? माझ्या गाडीनं जाऊ."

शनिवारी आम्ही तिच्या दारात. पुढच्याच खोलीत मशीन, शाळेच्या गणवेशांचा ढीग आणि ढिगाआड ती. दारातच तिची सासू उभी, कमरेवर हात ठेवून.

"पुन्हा न्यायला आलात होय? येण्याजाण्यात पाच तास जातात दिवसाचे. पोर बरी झालीय माझी. आता तिला कशाला भाजताय?"

"आजी, बरी झालेली नाही," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्यांनी पेशी, किरणं, मात्रा असं काय काय सांगायला घेतलं. सासू-सून दोघी मान हलवत होत्या. ही मान मला ओळखीची. एक अक्षर कळलेलं नसलं की लोक अशीच हलवतात.

"मॅडम, जरा थांबा," मी म्हटलं आणि शिलाईवालीच्या समोर बसकण मारली. "चूक माझी आहे. शेक नाहीच तो. मी बावीस वर्षं चुकीचं सांगत आले. आत गाठ आहे ना, तिला मारायला ते यंत्र आहे. पंचवीस वेळा मारलं तर मरते. चौदा वेळात ती अर्धमेली झाली, म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. पण मेलेली नाही. मेल्याचं सोंग घेऊन पडलीय."

शिलाईवालीचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे उठणार ती?"

"सोडलंत तर उठणार. आणि जास्त चवताळून उठणार."

"अहो, मग घाव घालायचे असं सरळ सांगा की!" सासू कडाडली. "पंचवीस घाव! शेक काय, शेक! मी काय गरम फडकं धरतात असं समजून बसले होते. ए, ऊठ गं. सोमवारी जायचं. मी येते सोबत. गणवेश राहिले तर राहिले, शाळा काय पळून जात नाही."

परतताना गाडीत मॅडम एकदम हसायला लागल्या. "आठ वर्षं शिकले मी. हा शब्द नाही सुचला."

सोमवारी पहिल्या बसनं दोघी हजर. राहिलेल्या दिवसांचं मॅडमनी सांभाळून घेतलं, दोन वाढवून दिले. आणि खिडकीतून मी प्रत्येकाला नव्यानं सांगायला लागले: घाव, पंचवीस, मधे सोडायचं नाही, ती सोंग घेते. महिन्याभरात रांगेतल्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "तुझा कितवा घाव?"

हे साहेबांच्या कानावर गेलंच. सहा महिने भरल्यावरच्या बैठकीत मलाही बोलावलं. जन्मात पहिल्यांदा त्या लांबलचक टेबलाशी बसले.

"घाव? हा दवाखाना आहे की आखाडा?" साहेब कडाडले. "शास्त्रीय शब्द आहे का हा? पेशंट घाबरतील!"

मॅडम आकडे काढत होत्या. पण माझ्या तोंडाला कोण आवरणार!

"साहेब, शेक हा शास्त्रीय शब्द होता का? बावीस वर्षं पाटीवर आहे. तेव्हा कोणी विचारलं नाही. आणि घाबरायचं म्हणाल, तर गाठीनं घाबरावं. बायका घाबरत नाहीत, मोजतात."

कोणीतरी हसू दाबलं. साहेबांनी मॅडमचा कागद पुढं ओढला, चष्मा चढवला, दोनदा वाचला. खेड्यांतल्या दहांपैकी आठ जण पुरे करत होते. पाचाचे आठ, सहा महिन्यांत.

"हे आकडे बरोबर आहेत?" त्यांनी मला विचारलं. मॅडमना नाही, मला.

"माझ्या अक्षरातले आहेत, साहेब."

"मग पाटी बदला," ते म्हणाले. "आणि खेड्यांत तपासणीला जाणाऱ्या प्रत्येक पथकाला या बाईंकडं आधी एक दिवस बसवा."

त्या दिवशी घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय झालं बैठकीत?" मी म्हटलं, "जिंकलो." आणि मग चहा करता करता जुन्या रजिस्टरांतल्या, मधेच सोडून गेलेल्या बायका आठवल्या. मॅडमनी त्यांनाही फोन लावायला सांगितलं होतं. लावले मी, शंभरावर. अकरा जणी पुन्हा आल्या. बरेच फोन लागलेच नाहीत. एका घरातून एक माणूस म्हणाला, "ती गेली हो. तुम्ही आता विचारताय?" मी माफी मागितली. मग रजिस्टरात तिच्या नावापुढचं 'स्वतःहून' खोडलं.

शिलाईवालीचा शेवटचा घाव झाला, त्या दिवसाचं मात्र सांगायलाच हवं. बैठकीच्या आधीची गोष्ट, पाटी अजून जुनीच होती. ती आत मशीनवर होती आणि सासू बाहेर बाकावर. तेवढ्यात एक नवी बाई आली, एकटीच, हातात कागदांची पिशवी, ओठ सुकलेले. खिडकीशी येऊन तिनं विचारलं, "इथंच शेक देतात का हो?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"शेक नाही गं बाई! ये, इकडं बस." सासूनं तिला हाताला धरून बाकावर बसवलं, पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि बोटं मोजत समजावू लागली. सगळा हॉल ऐकत होता. मी पेन खाली ठेवलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगत होती ती.

आतलं दार उघडलं आणि शिलाईवाली बाहेर आली. सासूनं एकदा वर पाहिलं.

"झाले?"

"झाले, आत्याबाई. सगळे."

म्हातारीचे डोळे भरून आले, पण ती उठली नाही. नव्या बाईचा हात तिनं सोडला नव्हता. "ही बघ माझी सून," तिनं तिला सांगितलं. "सगळे घाव घालून आलीय. आता तू सांग बघू, मधे सोडलं तर काय होतं?"

"ती... सोंग घेते," नवी बाई म्हणाली.

"आणि?"

"आणि उठते. मी नाही सोडणार."

मग ती स्वतः उठून खिडकीशी आली आणि तिनं माझ्याकडून पहिली तारीख मागून घेतली.