घायपाताची धूळ

शहाऐंशीच्या दुष्काळात अंगणातलं सगळं वाळलं, तेव्हा माझ्या बायकोने, द्रौपदाने, पिवळ्या कडांचं घायपात लावलं. त्याला पाणी लागायचं नाही, पण सोनगीरला आमचं घर हायवेलगत. ट्रकांची धूळ दिवसभर बसायची. ती रोज पदराने एकेक पान पुसायची.

"काटे लागतील, बावळट!" मी ओरडायचो.

"मंग तुम्ही पुसा."

मी कधीच पुसलं नाही.

ती जाऊन चार महिने झाले. ओटा, खाट, माझा चष्मा, सगळ्यावर धूळ. पानं मात्र रोज सकाळी लख्ख. काल चिडून म्हणालो, "पुरे आता! उद्यापासून मी पुसतो."

आज फडकं घेऊन गेलो. पानांवर धूळ होती. तिचा कण न् कण दिसला, म्हणून चष्मा काढून पाहिला.

काचा पुसलेल्या होत्या.