तीन नंबरची खाट

१९८६ साली माझे नाव गेले, मित्रांनो. मी एक जुनी लोखंडी खाट आहे. गदगकडच्या कल्लापुरात बाळंतिणींचा एक लहान दवाखाना होता. तिथे रस्त्याकडच्या खिडकीशी माझी जागा होती. लोहाराने मला घडवले, पांढरा रंग दिला आणि उशाकडच्या पट्टीवर तीनचा आकडा काढला.

माझ्यावर बाळंत झालेल्या बायका सुखरूप घरी जात. जाताना माझ्या एका पायाला हळद लावत. तो पाय कायमचा पिवळा झाला होता. लांबून आलेल्या बायका विचारत, "तीन नंबर रिकामी आहे का? नसेल तर थांबतो."

मार्था सिस्टर हसत. "खाटच बाळंतपण करते होय गं? मग मी आणि डॉक्टरअक्का बसतो शेंगा फोडत."

खरेच, गुण माझा नव्हता. तो डॉक्टर गिरिजाअक्कांच्या हातांचा होता. पण कौतुक मला आवडे, खोटे कशाला सांगू?

त्या वर्षी चैत्रात एका बाईला आणून माझ्यावर निजवले. ती दोन दिवस घरीच अडली होती. अक्कांनी शर्थ केली, पण अर्ध्या तासात ती गेली. ते दोन दिवस कोणी मोजले नाहीत. अर्धा तास मात्र सोमवारच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी झाला. "तिथला हातगुण गेला," असे म्हणत लोक हुबळीच्या मोठ्या दवाखान्याची वाट धरू लागले. माझ्या पायाची हळद फिकी पडत गेली.

श्रावणात एका दुपारी फाटकाशी जीप थांबली. आत कस्तुरी कळांनी तळमळत होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती माझ्यावरच जन्मली होती. पहिले बाळंतपण माहेरचे, म्हणून दवाखाना ठरवणार तिची आई, नीलव्वा.

"अव्वा, इथंच उतरव मला," कस्तुरी म्हणाली.

अक्का धावत बाहेर गेल्या. पोटाला हात लावून म्हणाल्या, "नीलव्वा, बाळ पायाळू आहे. हुबळी दोन तास लांब. ते थांबायचं नाही. आत घे तिला."

"तुमच्यावर राग नाही, अक्का. तुमच्याच हातानं ही झाली. पण काही कमीजास्त झालं तर हिच्या सासरचे म्हणतील, हुबळी सोडून त्या खाटेवर का घातली? काय सांगू मी?"

"माझं नाव सांग."

"तेच तर चालत नाही आता," नीलव्वा खाली बघत म्हणाली.

जीप गेली. माझ्यावर धुतलेली चादर अंथरलेली होती. संध्याकाळपर्यंत तिला सुरकुतीही पडली नाही.

हुबळीच्या अलीकडे, रस्त्यातच बाळ झाले. ते रडले नाही.

महिन्याने नीलव्वा एकटीच आली. पदराच्या गाठीतली हळद काढून तिने माझ्या पायाला लावली. मग मार्था सिस्टरना म्हणाली, "हुबळीला कोणी बोल लावला नाही. मलाही नाही. रस्त्याला कोण बोल लावणार?"

सिस्टरनी तिच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच गार झाला.

चार वर्षांनी दवाखाना बंद पडला आणि मला त्याच्या मागच्या पडवीत टाकले. गिरिजाअक्का धारवाडला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मार्था सिस्टर गदगला भाच्याकडे असतात. डोळ्यांना दिसत नाही, पण हात अजून साबणाने घासून धुतात म्हणे. नीलव्वा होती तोवर, बाजारात दवाखान्याची गोष्ट निघाली की टोपली उचलून चालू लागे. कस्तुरीला पुढे दोन मुली झाल्या. गावातल्या अडलेल्या बायकांना तीच दवाखान्यात नेते. कुठला नावाजलेला, हे ती विचारत नाही. "आत्ता तिथं डॉक्टर आहे का?" एवढेच विचारते.

मित्रांनो, तुम्हीही तेच विचारत जा. ऐकीव कौतुकाने मी मोठी झाले होते आणि ऐकीव निंदेनेच पडवीत आले. दोन्ही वेळी मी तीच खाट होते.

आता माझ्या तीन पायांना गंज चढला आहे. चौथ्यावर नीलव्वाची हळद थोडी उरली आहे. तिच्यानंतर कोणी लावली नाही.