मेंढीखडकावरचा शंख

"वर्षातून एक दिवस याचा मान, आणि बाकीचे दिवस पुसायला मी," असं पुटपुटत केझायाने माझ्यातला कोळी फडक्याने बाहेर काढला. कोळ्याची आणि माझी, दोघांचीही झोप मोडली.

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. या गावाच्या प्रार्थनाघरात खिडकीशेजारच्या फळीवर माझं बस्तान आहे. ओठाला चांदीची कड आहे. ती मला कधीच शोभली नाही, पण शंखाला कोण विचारतं?

जन्म माझा दक्षिणेच्या उबदार समुद्रातला. खारवलेला मासा तिकडे विकून परतणाऱ्या एका खलाशाने मला उचललं, फुंकता यावं म्हणून माझं टोक कापलं आणि या थंड किनाऱ्यावर आणून बायकोच्या हातात दिलं. तिचं नाव टॅमसिन. त्याने मला शोभेसाठी आणलं होतं, तिने पहिल्याच आठवड्यात कामाला जुंपलं.

इथे धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. मग टॅमसिन मेंढीखडकावर उभी राहून मला फुंकायची. मेंढीखडकाच्या पायथ्याशी खोल पाणी आहे. शंखाच्या रोखाने सरळ आलं की होडी बंदरात. बंदराच्या दुसऱ्या अंगाला मात्र करवत नावाचा खडक आहे, पाण्याखाली दात लपवून बसलेला. म्हणून शंख फुंकायचा तो मेंढीखडकावरूनच, आणि हाकेला येणारा कोण, कुठला, हे विचारायचं नाही, असा इथला रिवाज. कितीतरी माणसं मी घरी आणली. परतलेले पुरुष माझ्या पाठीवर थोपटायचे आणि टॅमसिनला म्हणायचे, तुझ्या नवऱ्यापेक्षा याचा गळा बरा आहे हो.

मग राजाशी लढाई जुंपली. राजाचं एक लढाऊ जहाज किनाऱ्यावरची गावं जाळत फिरत होतं. एका सकाळी ते आमच्या बंदराबाहेर धुक्यात अडकलं. त्याची घंटा वाजत राहिली, कुणी वाट विचारावी तशी. ओबेड हा आमच्या होडीवाल्यांचा म्होरक्या. त्याने मला टॅमसिनच्या हातातून ओढून घेतलं, करवतीमागच्या टेकाडावर नेलं आणि तिथून फुंकलं.

जहाज आलं. लाकूड फाटल्याचा तो आवाज माझ्या वेटोळ्यांत अजून आहे.

ओबेडच्या माणसांनी होड्या पाण्यात लोटल्या आणि जहाज ताब्यात घेतलं. लढायला तिथे फारसं कुणी उरलंच नव्हतं. बरेच बुडाले होते. पाण्यातून काढलेल्यांत एक म्हातारा आचारी होता. दातांवर दात आपटत तो टॅमसिनला म्हणाला, "शंख तुम्ही फुंकलात ना, बाई? देव तुमचं भलं करो." तिने त्याच्या हातात गरम कालवणाचा वाडगा दिला आणि तोंड फिरवलं.

गाव वाचलं, हेही खरं. पण गावाने गोष्ट जराशी वेगळी सांगायला घेतली. शंख नेहमीसारखा मेंढीखडकावरूनच फुंकला होता म्हणे, आपल्याच होड्यांसाठी. शत्रू त्या आवाजामागे आला आणि देवानेच त्याला करवतीवर घातला. फक्त जागा तेवढी बदलली. मला चांदीची कड लागली, ओबेडला मान मिळाला. दरवर्षी त्या दिवशी जेवणावळ होऊ लागली. जेवणानंतर टॅमसिनला शंख फुंकायला सांगत, आणि ती म्हणे, माझे दात पडलेत.

लहान मुलं हीच गोष्ट ऐकत मोठी झाली आणि त्यांनी तिचा सरळ अर्थ काढला. मेंढीखडकाच्या शंखामागे गेलेलं जहाज फुटतं. त्यामुळे हल्ली धुकं आलं की तरुण मंडळी बाहेरच नांगर टाकून थांबतात. म्हातारे ते बघतात आणि पाइप भरत बसतात.

मित्रांनो, एखादी वस्तू पुसून, नटवून फळीवर ठेवली म्हणजे ती जपली असं नाही. तिच्यावर कुणाचा तरी भरवसा असतो, तोही जपावा लागतो. तुमच्या घरातही माझ्यासारखं काही असेल. त्याची धूळ झटकाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या.

आजही कालवण शिजलं, मक्याची भाकरी आली, आणि जेवण अर्ध्यावर असताना धुकं उतरलं. केझायाचा नवरा सायलस तीन होड्या घेऊन बाहेर होता. तो ओबेडचा मुलगा. वारा फिरून किनाऱ्याकडे वाहू लागला. नांगर सुटले असते तर होड्या सरळ करवतीवर गेल्या असत्या. केझायाने मला फळीवरून उचललं आणि टॅमसिनपुढे धरलं.

"काकू, दातांचं नंतर बघू. चला."

मेंढीखडकावर टॅमसिनने मला ओठांना लावलं. फुंकण्यापुरते दात तिला निघाले. मी जीव तोडून वाजलो. मागे सारं गाव उभं होतं. धुक्यातून सायलसचा आवाज आला, "बंद करा तो शंख! आम्हालाही करवतीवर घालायचंय का?"

"नांगर किती वेळ धरेल, मामंजी?" केझायाने विचारलं. ओबेडसकट सारे म्हातारे आपापल्या बुटांकडे बघत होते.

टॅमसिनने मला खाली घेतलं. "दम आहे तोवर फुंकेन, भाऊजी," ती ओबेडला म्हणाली. "पण हे शंखाने होणारं काम नाही. तुमचं आहे."

ओबेड खडकाच्या कडेपर्यंत गेला. टोपी काढून त्याने तोंडाभोवती हात धरले.

"सायलस, हा मेंढीखडक आहे. इथे खोल पाणी आहे, ये. ते जहाज इथल्या शंखाने फुटलं नाही. मी शंख करवतीमागच्या टेकाडावर नेला होता. ती माणसं वाट विचारत होती, आणि मी त्यांना बुडवायला फुंकला."